रंग गेला, मीठ राहिलं

१२ एप्रिल २०२५, मोरा (उरण)

दुपारी धाकटीचा फोन. "दादा, हिरीचं पानी निलं येतंय रं." मलंगगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात तिचं सासर. घरामागे सासऱ्यांनी खणलेली विहीर. पिण्याला, स्वयंपाकाला, गुरांना तेच पाणी. नळ आहे, पण त्याला पाणी कधी येईल त्याचा भरवसा नाही.

मी आधी विचारलं, बादलीत निळं दिसतं की कापडावर? बादलीत म्हणे नुसतं गढूळ वाटतं, पण भावजींचा पांढरा लेंगा वाळला की त्यावर निळी झाक. वास? "सडक्या अंड्याचा. सकालचा जास्ती." कधीपासून? होळीपासून. मग महिनाभर गप्प का बसलीस म्हटलं, तर म्हणाली, "वाटलं, जाईल."

शेजारणीचं मत असं, की कुणा पोराने निळीची बाटली टाकली असणार. एवढ्या मोठ्या विहिरीत बाटलीभर नीळ दोन दिवसही दिसायची नाही. तिला सांगितलं, काचेच्या बाटलीत पाणी भरून ठेव, वर तारीख-वेळ लिही, आणि गुरांनाही ते पाजू नको.

रंगाचं मला थोडं कळतं. १९८२च्या संपाआधी लालबागच्या एका गिरणीत रंगखात्याच्या प्रयोगशाळेत चिकटलो होतो. मोऱ्याहून पहाटेची लाँच, भाऊचा धक्का, तिथून पायी. ओहोटीला मोऱ्याच्या गाळात लाँच लागत नाही, त्यामुळे डाईंग मास्तरांना 'आज ओहोटी होती' हे कारण पाठ झालं होतं. गिरणी गेली, पुढे शाळेच्या प्रयोगशाळेत निवृत्तीपर्यंत राहिलो. पण सल्फर ब्लॅक या रंगाचा तसलाच सडक्या अंड्याचा वास नाकातून गेलेला नाही. आज तो फोनवरूनही आला.

१४ एप्रिल

आंबेडकर जयंतीची सुट्टी. उरणहून लोकल, नेरुळ, ठाणे, कल्याण. जानेवारी २०२४मध्ये उरणपर्यंत गाडी आली म्हणून हे शक्य. एरवी धाकटीकडे जायचं म्हणजे पनवेल आणि कळंबोलीच्या ट्रॅफिकमध्ये सकाळ घालवायची.

विहीर दगडी बांधणीची, वरचा कठडा नवा, सिमेंटचा. दोरीला पांढरी बशी बांधून पाण्यात सोडली. निवळ विहिरीत तळापर्यंत दिसावी ती बशी हातभर खाली जाताच दिसेनाशी झाली. शाळेतून निवृत्त होताना फिल्टर पेपरचं एक पाकीट घरी आणलं होतं, ते आज उपयोगी पडलं. लिटरभर पाणी त्यातून गाळलं. कागदावर निळ्या भुकटीचा बारीक लेप उरला. जुन्या जीन्सचा खिसा उलटा केला की शिवणीत जमलेला कचरा दिसतो, अगदी तसा. खाली ग्लासात आलेलं पाणी निळं नव्हतंच, पिवळट होतं.

हे महत्त्वाचं. जीन्सचा निळा म्हणजे इंडिगो. तो पाण्यात विरघळत नाही, कणाकणाने तरंगतो. असा रंग मातीतून झिरपायला लागला तर माती त्याला वाटेतच अडवते. तो अख्खा विहिरीत उतरतो आहे, म्हणजे पाणी झिरपून आलेलं नाही. कुठून तरी उघडी वाट आहे.

भाचा म्हणाला, "मामा, चल दाखवतो." घरामागच्या शेतातून वहाळाकडे गेलो. वहाळाच्या वरच्या अंगाला पत्र्याची मोठी शेड, नाव नाही, पाटी नाही, आतून मशीनचा आवाज. वहाळात एप्रिल महिन्यात पाणी असायचं कारण नाही, पण होतं. काळपट, वर फेस. त्यावर करड्या रंगाचे छोटे दगड तरंगत होते. भाच्याला गंमत वाटत होती, दगड तरंगतात याची. तो प्युमिस. जीन्स 'स्टोन वॉश' करायला कपड्यांबरोबर ड्रममध्ये टाकतात, झिजला की फेकतात.

विहिरीच्या अंगाला वहाळाचा तळ उघड्या कातळाचा आहे आणि त्या कातळाला उभी भेग आहे. काठी घातली, खाली टेकली नाही. सह्याद्रीचा काळा कातळ सगळा असाच: स्वतः पाणी पीत नाही, पण भेगांतून नळासारखं नेतो. पावसाळ्यात ज्या भेगेतून विहीर भरते तीच भेग आता हे घेऊन येते.

१६ एप्रिल, मोरा

खात्री करून घेतली. कागदावरचा लेप थोडा परीक्षानळीत खरवडला, कॉस्टिक सोड्याचे चार थेंब, चिमूटभर हायड्रो (सोडियम हायड्रोसल्फाइट), नळी गरम पाण्यात धरली. निळा गेला, पिवळसर हिरवं झालं. मग नळी उघडून हलवली. हवा लागली तसा निळा परत आला. इंडिगोच. दुसरे बहुतेक रंग हायड्रोने गेले की गेले, हा मात्र परततो. गिरणीत नवीन पोरांना आम्ही ही जादू दाखवायचो.

पण जादूने पोट भरत नाही. खरा प्रश्न त्या पिवळट पाण्यात आहे, कागदाने जे अडवलं नाही त्यात.

१९ एप्रिल

ही शेड तिथे आली कशी, ते शोधायला लांब जावं लागत नाही. उल्हासनगर तिथून जवळ. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावण्या होत्या, १९४९ साली शहराचं नाव पडलं. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद आमच्या पिढीने शंभरदा ऐकलाय. कॅम्प पाचमध्ये जीन्स शिवायचे, धुवायचे, रंगवायचे शेकडो गाळे उभे राहिले. धुतलेलं पाणी नाल्यात, नाला वालधुनीत.

वालधुनी काकोळ्याच्या बाजूला उगम पावते आणि अंबरनाथच्या शिवमंदिराला लागून वाहते. मंदिर शके ९८२चं, म्हणजे १०६०चं. शिल्पं बघायला गेलेला माणूस नाकाला रुमाल लावून परत येतो. २०१४च्या नोव्हेंबरमध्ये याच नदीत कुणी तरी रसायन ओतलं आणि उल्हासनगरचे शेकडो लोक गुदमरून रुग्णालयात गेले. 'वनशक्ती' संस्थेच्या याचिकेवर राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१५मध्ये उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणापायी सांडपाणी प्रक्रिया केंद्रं आणि नगरपालिका-महापालिकांनी मिळून ९५ कोटी रुपये भरावेत असा आदेश दिला. २०१८च्या सुमारास जीन्सच्या गाळ्यांची वीज आणि पाणी तोडलं.

मग? गाळा बंद पडतो, मशीन बंद पडत नाही. ते टेम्पोत चढतं आणि जिथे भाडं कमी, बोअरला पाणी आणि विचारणारं कुणी नाही, तिथे उतरतं. उल्हासनगरात असताना निदान ते पाणी एका नदीत जात होतं, जिच्या नावाने याचिका करता येत होती. आता ते एखाद्या बिननावाच्या वहाळातून कुणाच्या तरी घरामागच्या विहिरीत जातं. घरगुती विहिरीच्या नावाने याचिका कोण करणार?

कायद्याची गोष्ट सांगायची तर १९७४च्या जल प्रदूषण कायद्याच्या कलम २४मध्ये प्रवाह, गटार आणि जमीन यांच्या बरोबरीने विहिरीचाही साफ उल्लेख आहे. त्यात जाणूनबुजून विषारी किंवा दूषित करणारं काही जाऊ द्यायला मनाई. सामान्य माणसालाही साठ दिवसांची नोटीस देऊन न्यायालयात तक्रार दाखल करता येते. धाकटीला हे सांगितलं तर म्हणाली, "साठ दिवस पानी कुठलं पियाचं?"

२३ एप्रिल

आज दिवसभर बिछडीबद्दल वाचत होतो. राजस्थानात उदयपूरजवळचं हे गाव. १९८०च्या दशकाच्या अखेरीला तिथे 'एच ॲसिड' बनवायला सुरुवात झाली. आमच्या रंगखात्यात एच ॲसिडचं नाव मास्तरांच्या तोंडी यायचं, कितीतरी अझो रंग त्याच्यापासून बनतात. ते बनवणं इतकं घाणेरडं काम की युरोपातले देश ते नको म्हणू लागले आणि आपल्याकडे ते आलं. बिछडीत जेमतेम दोन वर्षांच्या आत उत्पादन थांबलं. मागे उरला सुमारे अडीच हजार टन गाळ, उघड्यावर. पाऊस पडला, गाळ जमिनीत मुरला आणि गावच्या विहिरींचं पाणी तपकिरी-लाल झालं. गुरं पिईनात, पिकं करपली. लोक उठले, जमावबंदी लागली.

१९८९मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका गेली. नागपूरच्या 'नीरी'च्या शास्त्रज्ञांनी विहिरी आणि जमीन तपासली, साफसफाईचा खर्च काढला. १३ फेब्रुवारी १९९६ला निकाल लागला: ज्याने घाण केली त्याने भरपाई द्यायची. देशाच्या कायद्यात हे तत्त्व पक्कं झालं ते या विहिरींमुळे. कायद्याच्या प्रत्येक पुस्तकात बिछडी आहे.

आणि गावात? कंपन्या अर्जावर अर्ज करत राहिल्या. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा एकदा सांगितलं की ३७ कोटी ३८ लाख रुपये चक्रवाढ व्याजासकट भरा. विहिरी बिघडल्यापासून बावीस-तेवीस वर्षं. त्या काळात लग्न होऊन गावात आलेल्या मुलीने आपल्या सासरच्या विहिरीचं चांगलं पाणी कधी चाखलंच नसेल.

मला या निकालाचा अभिमान वाटतो आणि भीतीही वाटते. अभिमान तत्त्वाचा. भीती ही की बिछडीकडे कारखान्याचं नाव होतं, ढीग होता, उत्पादनाचे आकडे होते. पत्र्याच्या शेडकडे भाडेकरार तरी आहे का?

२७ एप्रिल, मोरा कोळीवाडा

आईला सगळं सांगितलं. ती नव्वदीच्या घरात, ऐकू कमी येतं. म्हणाली, "आपन पन रंगवायचो." सुती जाळ्यांचे दिवस. नायलॉन यायच्या आधी जाळं कुजू नये म्हणून ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवून काढायचे. मोठ्या हंड्यात साल उकळायची, तांबडंलाल पाणी व्हायचं, किनाऱ्यावर ओतायचं. तिच्या हातांना लग्नातही तो रंग होता म्हणे. ऐनाच्या सालीतलं टॅनिन झाडातूनच आलेलं, माती आणि सूक्ष्मजीव ते खाऊन टाकतात. आजचे रंग मुद्दाम असे बनवलेले असतात की ऊन, घाम, साबण, काहीही झालं तरी तुटू नयेत. गिऱ्हाईकाला पक्का रंग हवा असतो. मग तो विहिरीतही पक्काच राहतो.

मोऱ्याच्या विहिरींना रंगाचा त्रास नाही. खाडी इतकी जवळ की त्या कायमच्या मचूळ. ते पाणी धुण्या-भांड्याला, पिण्याला नळाचं. मचूळ पाणी जिभेला टेकताच आम्हाला कळतं. धाकटीही मोऱ्याचीच. तिला मी फोनवर विचारलं, चव कशी होती? बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "होलीच्या आदी पासूनच जराशी मचूळ लागत व्हती. मला वाटलं माझंच तोंड खराब झालंय." डोंगराच्या पायथ्याला, समुद्रापासून एवढ्या लांब, विहीर मचूळ. रंगाच्या आधी मीठ आलं होतं.

१ मे

महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा. भाच्याने आग्रह केला म्हणून गेलो, बोललो मात्र नाही, पाहुण्याने बोलू नये. धाकटी बोलली. उठली तेव्हा पदर सारखा करत होती, पण बाटली वर धरल्यावर आवाज चढला. "ह्ये आमी पितो. कुनाला पियाचं आसंल तर घ्या."

त्यावर जी चर्चा झाली ती अशा प्रत्येक गावात होत असेल. शेडची जागा गावातल्याच एकाची. तो म्हणाला, मी जागा भाड्याने दिली, आत काय करतात ते मला काय माहीत. एक म्हातारे म्हणाले, गावची बारा-पंधरा पोरं तिथे कामाला आहेत, ती उद्या कुठे जातील? एका तरुणाने हात पुढे केला. बोटांची नखं निळी, तळव्याची कातडी सोललेली. तिथेच कामाला होता, सोडलं. त्याने सांगितलं की रात्री दोनच्या सुमाराला टाकी सोडतात. जांभळं द्रावण पॅन्टवर फवारतात म्हणजे मांडीवर पांढरा पट्टा येतो, तोंडाला नुसता रुमाल. ते जांभळं म्हणजे पोटॅशियम परमँगनेट.

पोरांच्या रोजगाराची गोष्ट खोटी नाही. पण ज्या कामात पोरांची कातडी जाते आणि गावाचं पाणी जातं, त्यात गावाला मिळतं काय, याचा हिशोब त्या सभेत कुणी मांडला नाही. जागामालकाची जबाबदारी मात्र मला अजिबात गुंतागुंतीची वाटत नाही. भाडं घेतोस ना, मग गटार कुठे जातं ते बघ.

ठराव झाला. संबंधित कार्यालयाला पत्र लिहायचं ठरलं.

७ मे

देशभर नागरी संरक्षणाचं मॉकड्रिल. यादीत मुंबई आणि तारापूरबरोबर उरणचं नाव पहिल्या वर्गात. भोंगे वाजले. तेल, बंदर, नौदलाचा दारूगोळा, सगळं आमच्या आजूबाजूला, त्यामुळे धोका असतो हे इथल्या माणसाला शिकवावं लागत नाही. ग्रामसभेच्या पत्राला मात्र उत्तर नाही.

११ मे

प्रयोगशाळेत दिलेल्या पहिल्या नमुन्याचा अहवाल आला. पाणी प्लास्टिकच्या कॅनमध्ये, त्याच पाण्याने तीनदा विसळून, भरलं होतं. शिवाय वेगळी फी भरून मँगनीज तपासायला सांगितलं, कारण साध्या तपासणीत ते नसतं.

रंग ४० हेझन (पाण्याच्या रंगाचं माप), मर्यादा ५. एवढं तर डोळ्याला दिसत होतं. विरघळलेले क्षार लिटरला १९८० मिलिग्रॅम. वहाळाच्या वरच्या बाजूला, शेडच्याही वर, एक विहीर आहे, तिचं पाणी मी खिशातल्या टीडीएस मीटरने, म्हणजे क्षार मोजायच्या मीटरने, मोजलं होतं, तिथे साडेतीनशेच्या आत.

हे मीठ येतं कुठून, ते लिहून ठेवतो, कारण लोकांना वाटतं रंगाच्या कारखान्यातून रंगच येतो. सुती कापड रिॲक्टिव्ह रंगाने रंगवायचं तर रंग पाण्यात खूष असतो, धाग्याकडे जायला तयार नसतो. त्याला ढकलायला मीठ टाकतात, साधं किंवा ग्लॉबर सॉल्ट (सोडियम सल्फेट). गडद छटेला लिटरला पन्नास-साठ ग्रॅम सहज. किलोभर कापडाला दहा लिटर पाणी धरलं तर किलोमागे अर्धा किलो किंवा त्याहून जास्त मीठ. धाग्यावर रंग बसतो, मीठ बसत नाही. सगळंच्या सगळं गटारात. जीन्स धुणारे काळा किंवा गडद रंग पुन्हा चढवतात तेव्हा हेच करतात. वर निळा फिका करायला ब्लीच वापरतात, त्याचं शेवटी क्लोराइड होतं. ब्लीच मारायला बायसल्फाइट, त्याचं सल्फेट. परमँगनेटचं मँगनीज. प्रत्येक पायरीला काही तरी विरघळतं आणि त्यातल्या कशालाही रंग नाही.

रंग काढणं त्यामानाने सोपं. चुना, तुरटी, कोळसा, काहीतरी चालतं. गाळ खाणारे जंतू बाकीचं थोडंफार खातात. मीठ कुणी खात नाही. साध्या सांडपाणी केंद्रातून पाणी जेवढं खारट आत गेलं तेवढंच खारट बाहेर येतं. तमिळनाडूत तिरुप्पूरने हे भोगलंय. नोय्यल नदीवर ओरत्तुपाळयमचं धरण १९९२ साली शेतीसाठी बांधलं. त्यात रंगशाळांचं खारं पाणी साठलं. धरण बांधून घेणारे शेतकरीच पुढे म्हणू लागले की या धरणात पाणी साठवू नका. जानेवारी २०११मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथल्या रंगशाळा बंद करायला लावल्या. नंतर ज्या उघडल्या त्यांना एकही थेंब बाहेर सोडायचा नाही ही अट. पाणी आरओने गाळतात, उरलेलं खारं पाणी आटवतात, निघालेलं मीठ पुन्हा रंगाच्या टाकीत वापरतात. महाग आहे, वीज खातं, तक्रारी आहेत. पण होतं. म्हणजे 'होऊच शकत नाही' असं कुणी सांगितलं तर ऐकून घेऊ नये.

धाकटीने विचारलं, उकळून प्यावं का? उकळून मीठ जात नाही, उलट थोडं घट्ट होतं. तुरटी फिरवून? गढूळपणा बसेल, चव तीच. घरात आरओ लावला तर मीठ जाईल, पण आरओ जे फेकतो ते पाणी मोरीतून परत त्याच जमिनीत. वीस लिटरचे जार सुरू झालेत. दिवसाला दोन.

१७ मे

पनवेलला एका लग्नाला. बस तळोज्याजवळून गेली तेव्हा कासाडी नदी ओलांडली. ऑगस्ट २०१७मध्ये तळोजा एमआयडीसीतले भटके कुत्रे निळे झाले होते. ते फोटो परदेशातल्या वर्तमानपत्रांतही छापले गेले आणि रंगाचा कारखाना बंद करायला लावला. त्याच नदीच्या पाण्याबद्दल कोळी बांधव आधीपासून ओरडत होते, मासळी मेली म्हणून. मेलेल्या बोयांचा फोटो कुणी छापला नव्हता. कुत्रा निळा झाल्यावर सगळ्यांना कळलं. बातमीला रंग लागतो, हे तिथेच कळायला हवं होतं.

२२ मे

भाच्याचा फोन. रात्रीत दोन टेम्पो आले, मशिनं गेली, शेड रिकामी. पत्राची कुणकुण लागली असावी. सकाळी जागामालक पत्रे धुवत होता. दुपारी पाहणीला माणूस आला. रिकामी शेड बघितली, वहाळात त्या दिवशी पाणी नव्हतं, नमुना कशाचा घेणार? लिहून नेलं की जागी उद्योग आढळला नाही. त्याने खोटं काही लिहिलेलं नाही.

मशिनं कुठल्या गावाला गेली ते कुणाला माहीत नाही. तिथेही विहीर असेलच.

२७ मे

काल पावसाने हद्द केली. २६ मेला मुंबईत मान्सून, इतक्या लवकर आल्याचं माझ्या आयुष्यात आठवत नाही. लाँचा बंद. धाकटीचा फोन: "दादा, पानी निवललं! बशी तलापर्यंत दिसतेय." तिने स्वतः बशी सोडून बघितली होती. आवाजात इतका आनंद की मला मीटरचं काही बोलवेना. एवढंच म्हटलं, जार बंद करू नको, मी येऊन नमुना घेतो.

२९ मे

गेलो, नमुना घेतला, देऊन आलो. शेजारणीने मला बघून म्हटलं, "आता कशाला तपासता मामा? गेला ना रंग." गावात तो विषय संपलाय. ग्रामपंचायतीच्या फाइलला पत्राची प्रत आहे, एवढंच.

१६ जून, मोरा

दुसरा अहवाल. रंग ४ हेझन. मर्यादेच्या आत, पास. क्षार १६४०. क्लोराइड ५२०, सल्फेट ३१०. मँगनीज ०.४.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, दोन रकाने असतात. पहिला, असावं तेवढं. दुसरा, पर्यायी स्रोत नसेल तर चालवून घ्यायचं तेवढं. क्षार पहिल्या रकान्यात ५००, दुसऱ्यात २०००. क्लोराइड २५० आणि १०००. सल्फेट २०० आणि ४००. म्हणजे साधी तपासणी केली असती तर धाकटीची विहीर, जिचं पाणी गुरं अजून तोंड लावून सोडतात, 'पर्यायी स्रोत नसल्यास योग्य' ठरली असती. नापास झाली ती एकट्या मँगनीजमुळे, ०.३ची मर्यादा ओलांडली म्हणून, आणि ते वेगळे पैसे भरून तपासलं म्हणून. शेडच्या वरच्या विहिरीत साडेतीनशे आणि हिच्यात सोळाशे, हा फरक कुठल्याच रकान्यात बसत नाही. तो दाखवायचा तर आधीचा आकडा हवा. होळीआधीचा आकडा कुणाकडेच नाही.

म्हणून ज्यांच्या घराला विहीर आहे त्यांना सांगणं आहे. आजूबाजूला काहीही कारखाना नसला तरी मे महिन्यात आणि दिवाळीनंतर एकदा पाणी तपासून घ्या, आणि कागद रेशनकार्डाशेजारी ठेवा. काही शे रुपयांचा टीडीएस मीटर चार घरांत मिळून घ्या, महिन्यातून एकदा आकडा विहिरीशेजारच्या भिंतीवर तारखेसकट खडूने नको, रंगाने लिहा. वहाळाच्या वरच्या बाजूला शेड उभी राहिली की त्याच आठवड्यात मोजा. पाण्याला रंग दिसला तर त्याच दिवशी बाटली भरा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या, फोटो काढा, कारण पुढच्या पावसाला रंग जाणार आहे आणि रंग गेल्यावर तुमचं कुणी ऐकणार नाही. तपासायला देताना क्लोराइड, सल्फेट आणि मँगनीज नाव घेऊन मागा. आणि शेडसाठी जागा भाड्याने देणाऱ्याला ग्रामसभेत उभं करा. मशीन टेम्पोत बसून जातं, जागा जात नाही.